‘पोरगं कसं हाय, बाई?’ : वर्गातलं शिकणं पालकांपर्यंत पोचवताना

बस स्टॉपवर, गिरणीत, बाजारात भाजी घेताना, गावात बाई किंवा गुरुजी दिसले की पालक एकच प्रश्न विचारतात. ‘आमचं पोरगं कसं हाय, बाई?’ आपण घाईत असतो. ‘बरं हाय की. जरा घरात अभ्यास घ्या,’ असं म्हणून बसमध्ये चढतो. त्या आईच्या हाती काय लागलं? पोरगं वाचतंय का, कुठं अडतंय, घरात ‘अभ्यास घ्यायचा’ म्हणजे नेमकं करायचं काय, यातलं तिला काहीच कळलं नाही. तीही मान हलवते, कारण बाईंना उलट कसं विचारायचं.

हा लेख यंदा नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी आणि अतिथी शिक्षक म्हणून आलेल्या पोरापोरींसाठी आहे. कर्नाटकातल्या खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या सरकारी मराठी शाळांत पहिली ते पाचवीला शिकवण्यात माझी बावीस वर्षं गेली. वर्ग कसा सांभाळायचा हे डीएडला शिकवतात, पालकांशी काय आणि कसं बोलायचं हे कुणी शिकवत नाही. खरं तर ते आपलं कामच आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 24 मध्ये शिक्षकाची कर्तव्यं सांगितली आहेत. मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांबद्दल पालकांच्या नियमित बैठका घेऊन त्यांना माहिती देणं हे त्यातलं एक. म्हणजे वेळ उरला तर करायची ही गोष्ट नाही, फळ्याइतकीच ती आपल्या नोकरीचा भाग आहे.

पहिली पायरी : जूनमध्ये आधी घर समजून घ्या

शाळा सुरू झाली की पहिल्या दोन आठवड्यांत एक साधी दोनशे पानी वही करा. एका मुलाला एक पान. त्यावर चारच गोष्टी लिहा. घरात कोणती भाषा बोलतात. घरात वाचता कुणाला येतं आणि कोणत्या लिपीत. मोठं माणूस घरी कोणत्या वेळी असतं. फोन कुणाच्या हातात असतो.

दुसरा प्रश्न वाचून नव्या माणसाला नवल वाटेल, पण आपल्या भागात तोच सगळ्यात महत्त्वाचा. मराठी शाळेत मूल आहे म्हणून घरात मराठी वाचता येतं असं धरून चालू नका. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या वहीत मी वर्षभर चिठ्ठ्या लिहिल्या आणि प्रत्येक चिठ्ठीखाली आईची सही येत गेली. मला वाटायचं, आई काय जागरूक आहे! फेब्रुवारीत घरी गेले तेव्हा कळलं की आई बैलहोंगलकडची, तिचं सगळं शिक्षण कन्नडमधून झालेलं. मराठी ती झकास बोलायची, पण तिला वाचता येत नव्हतं. पोरगी सांगायची, ‘बाईंनी सही मागितल्या,’ आणि ती सही करायची. वर्षभर मी लिहीत होते ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. नंतर आमच्या कन्नडच्या शिक्षकांकडून दोन ओळी कन्नडमध्ये लिहून घ्यायला लागले. दुसऱ्याच दिवशी ती शाळेत आली.

उलटंही असतं. वडील मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, पण शासनाकडून येणारं पत्रक कन्नडमध्ये, म्हणून घडी करून खिशात. आजीच्या ताब्यात असलेलं मूल असेल तर लिहिलेलं कुठल्याच लिपीत चालत नाही, तिथं समोर बसून बोलावं लागतं. ही वही केली की कोणत्या घराला चिठ्ठी, कोणाला फोन आणि कोणाच्या दारात स्वतः जायचं, हे पानावरच दिसतं.

वेळेचंही तसंच. खानापूरच्या पश्चिमेकडं जून-जुलैत रोपलावणी असते. त्या दिवसांत दुपारी तीनची बैठक ठेवली तर बाकांवर फक्त आज्या येतात. निपाणीकडं तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या किंवा विड्या वळणाऱ्या आया आहेत, वडगाव-शहापूरला मागावर काम करणारे आईबाप आहेत, उद्यमबागेत पाळीची नोकरी करणारे आहेत. त्यांची अर्धी रजा म्हणजे अर्धी मजुरी. ‘पालकांना आस्थाच नाही’ असं स्टाफरूममध्ये म्हणण्याआधी त्यांची वेळ विचारून घ्या. शनिवारी आपली शाळा सकाळची असते. शाळा सुटल्यावरचा अर्धा तास अनेक गावांत जमतो. नाही जमला तर संध्याकाळी मंदिराच्या कट्ट्यावर जमतो.

दुसरी पायरी : पहिला निरोप चांगलाच असू द्या

शाळेतून निरोप आला म्हणजे पोरानं काहीतरी केलंय, अशी गावात समजूत असते. ती आपणच करून दिली आहे. म्हणून जूनच्या अखेरीपर्यंत प्रत्येक घराला एक निरोप असा जाऊ द्या की ज्यात तक्रार नाही, मागणी नाही, वर्गणी नाही. ‘आज तुमच्या लेकीनं प्रार्थनेच्या वेळी तारीख-वार स्वतः सांगितला.’ ‘यानं नव्या पोराला आपल्या शेजारी बसवून घेतलं.’ एवढं पुरतं. खोटं कौतुक मात्र करू नका. आईला लगेच कळतं. चाळीस मुलांत प्रत्येकाचं एक खरं चांगलं शोधायला दोन आठवडे मूल नीट बघावं लागतं, आणि तो आपलाच फायदा.

तिसरी पायरी : जूनचं पान जपून ठेवा

या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एक कोरा कागद द्या. पहिलीला स्वतःचं नाव आणि एक चित्र. दुसरी-तिसरीला ‘माझं घर’ यावर जमेल तेवढं, खाली दहा आकडे आणि दोन बेरजा. चौथी-पाचवीला दहा ओळी आणि एक शाब्दिक उदाहरण. मदत करायची नाही, खोडून सुधारायचं नाही, लाल पेन लावायचा नाही. वर तारीख टाकून फाइलला लावायचं. हेच काम दसऱ्याच्या सुट्टीआधी पुन्हा, आणि फेब्रुवारीत तिसऱ्यांदा.

मग पालक आले की प्रगती पत्रक नंतर, आधी ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवा. गेल्या काही वर्षांतलं एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. दुसरीतला मुलगा. जूनच्या पानावर नावाची तीन अक्षरं, मधलं उलटं, बाकी कागदभर पेन्सिलच्या रेघा. ऑक्टोबरच्या पानावर सहा ओळी. ‘आमच घर मोट आहे. मशीला पानी मी पाजवतो.’ अनुस्वार नाहीत, ‘म्हशी’ची ‘मशी’ झालेली. त्याची आई लिहिता-वाचता न येणारी. तिनं दोन्ही पानांवरून हात फिरवला आणि विचारलं, ‘हे बी त्यानंच लिव्हलंय?’ मी ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. म्हशीची ओळ आली तशी ती हसली, ‘खरंच पाजवतंय की ओ.’ ‘बी प्लस’ म्हणजे काय हे तिला मी तासभर समजावलं असतं तरी एवढं कळलं नसतं.

पानं दाखवताना शुद्धलेखनाच्या चुकांपासून सुरुवात करू नका. ‘आधी तीन अक्षरं होती, आता विचार लिहितो. अजून अनुस्वार राहतात, ते या सत्रात घेणार आहे,’ या क्रमानं बोला.

चौथी पायरी : ‘हुशार’ आणि ‘कच्चा’ हे शब्द सोडा, काय येतं ते सांगा

पालक विचारतात, ‘कितवा नंबर आला?’ त्यांच्या काळात शाळेनं त्यांना तेवढंच सांगितलं होतं. त्यांना रागावू नका. नंबराच्या जागी दुसरं काहीतरी हातात द्या.

वाचनासाठी मी चार पायऱ्या सांगते. अक्षर ओळखतो, शब्द वाचतो, चार ओळींचा सोपा परिच्छेद वाचतो, गोष्ट वाचून तिच्यावर बोलतो. ‘असर’ या गावोगावच्या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत वाचन साधारण अशाच पायऱ्यांनी तपासतात, आणि त्या कुणालाही समजतात. ‘तुमची लेक आता शब्दावर आहे, दिवाळीपर्यंत परिच्छेदावर न्यायचीय,’ असं म्हटलं की आईला पोरगी कुठं उभी आहे आणि कुठं जायचंय ते दिसतं. निपुण भारत या केंद्र सरकारच्या मोहिमेतही 2021 पासून तिसरीपर्यंत समजून वाचता येणं आणि पायाभूत गणित येणं यावरच भर आहे. पालकांना ‘निपुण’ हा शब्द सांगायची गरज नाही. तिसरी संपेपर्यंत पोराला गोष्ट समजून वाचता आली पाहिजे, हे मात्र प्रत्येक घराला माहीत असलं पाहिजे.

तुमच्या शाळेत पहिली ते तिसरीला नली-कली असेल तर ती पालकांना समजावणं हे वेगळं काम आहे. म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात 1995 च्या सुमारास सुरू झालेली ही आनंदानं, कृतीतून शिकण्याची पद्धत. मुलं गटागटानं, वेगवेगळ्या ‘तट्ट्यांत’ (गटांच्या जागांवर) बसतात, कार्डांवर शिकतात, शिकण्याचा क्रम दाखवणाऱ्या शिडीच्या तक्त्यावर प्रत्येकाची पायरी वेगळी असते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोरं नुसती खेळूलाल्यात, बाई शिकवीत नाहीत. ‘पुस्तक कुठाय? धडा कितवा चाललाय?’ हा प्रश्न येणारच. तेव्हा पालकांना वर्गात आणा. भिंतीवरची शिडी दाखवा, मुलालाच त्याचं कार्ड आणायला सांगा आणि आईसमोर सोडवायला लावा. चप्परला, म्हणजे वर्गात वर बांधलेल्या दोऱ्यांच्या जाळीला, टांगलेलं त्याचं चित्र दाखवा. एका वडिलांनी शिडीवर बोट ठेवून विचारलं होतं, ‘शेजारच्याचं पोरगं वर हाय, आमचं खाली का?’ मी सांगितलं की ही शर्यत नाही. खालची पायरी पक्की न करता वर ढकललं तर पुढं सगळंच हलतं. ते शेतकरी, त्यांना लगेच पटलं. ‘मूळ धरल्याबिगार रोप काढायचं न्हाई, व्हय?’ असं तेच म्हणाले.

पाचवी पायरी : आपल्या भागातल्या दोन शंकांची तयारी ठेवा

पहिली शंका आकड्यांची. ‘पंचवीस सांगितलं की बावन्न लिव्हतंय. डोकं चालत न्हाई काय त्याचं?’ दर वर्षी दोन-तीन पालक हे घेऊन येतात, आणि घरात त्यावरून मुलं मार खातात.

पोराचं डोकं चालतंय म्हणूनच ते तसं लिहितंय. मराठीत आपण ‘पंच-वीस’ म्हणतो, आधी पाच ऐकू येतं आणि मग वीस. मूल ऐकलेल्या क्रमानं पाच लिहितं, मग दोन. कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’, आधी वीस, मग पाच. इंग्रजीतही ‘ट्वेंटी फाइव्ह’, आधी वीस. आपल्या पोराच्या कानावर दिवसभरात तिन्ही पडतात. दुकानात कन्नड, घरात मराठी, टीव्हीवर इंग्रजी. आणि ‘एकोणतीस’ तर आणखी अवघड. त्यात तीस ऐकू येतं, पण लिहायचे दोन आणि नऊ. तिसाला एक कमी हा हिशेब त्या एका शब्दात दडलेला आहे.

पालकांपुढं हे करूनच दाखवा. मी काड्यांचे गठ्ठे ठेवते, दहा-दहाचे दोन आणि सुट्या पाच. मुलाला म्हणते, ‘आधी गठ्ठे सांग, मग सुट्या.’ ‘दोन गठ्ठे, पाच सुट्या.’ ‘आता लिही.’ ते बरोबर लिहितं. आईला सांगायचं, घरात विड्यांची बंडलं असतील, दहा-दहाच्या नोटा आणि सुटे रुपये असतील, त्यावर आठवडाभर हा खेळ घ्या, आणि मारू नका. पालकांना मुलाची चूक ‘का’ होते हे सांगितलं की घरातला राग निम्मा कमी होतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

दुसरी शंका भाषेची. ती दोन बाजूंनी येते. कुणी म्हणतं, ‘पोरगं पुस्तकासारखं बोलत न्हाई, गावचंच बोलतंय.’ कुणी म्हणतं, ‘मराठी, कन्नड, इंग्रजी, एवढं कसं झेपणार?’

पहिलीवर माझं म्हणणं ठाम आहे. घरची बोली ही चूक नाही. मूल ‘मी जेवूलालोय’ म्हणतं तेव्हा त्याला काळ, पुरुष, क्रियापद सगळं येतंय. पुस्तकात ते ‘मी जेवत आहे’ असं लिहितात, एवढंच त्याला जोडून द्यायचं आहे. ‘तुमचं मूल अशुद्ध बोलतं’ असं एखाद्या शिक्षिकेनं म्हटलं की ती आई पुन्हा शाळेत तोंड उघडत नाही, कारण तीही तशीच बोलते. पालकांशी बोलताना आपणही गावच्या भाषेत बोलावं. त्यानं आपला मान कमी होत नाही.

दुसऱ्या शंकेला नीट उत्तर द्यावं लागतं. 2015 च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानंतर कर्नाटकात पहिलीपासून कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवायची आहे, त्यामुळं मराठी शाळेतल्या मुलाला ती असतेच. पालकांना सांगा की वाचायचं कसं हे मूल एकदाच शिकतं, आणि ते घरच्या भाषेत लवकर शिकतं. मराठीत वाचन पक्कं झालं की दुसऱ्या लिपीला ते कौशल्य आयतं मिळतं. कन्नडची प्रगती दाखवायला माझी एक आवडती जागा आहे, बस स्टँड. सरकारी बसची पाटी कन्नडमध्ये असते. आईला सांगायचं, ‘पुढच्या बाजाराला जाताना पाटी पोराला वाचायला लावा.’ चौथीतल्या एका पोरानं आजीला बरोबर बसमध्ये बसवलं. ती आजी दुसऱ्या दिवशी मुद्दाम शाळेच्या दारात येऊन सांगून गेली. ज्या घरात कुणालाच वाचता येत नाही, त्या घराला शिक्षण दिसतं ते असं.

सहावी पायरी : बैठक घ्या, पण भाषण करू नका

बैठकीला पालकांना मुलांच्याच छोट्या बाकांवर कोंबून आपण टेबलामागं उभं राहतो, तिथंच बैठक बिघडते. जाजम टाका, गोल बसा. चाळीस मिनिटं पुरेत. दहा मिनिटं या महिन्यात वर्गात काय शिकलो ते. तेही मुलांनीच करून दाखवायचं, एकानं कविता, एकीनं काड्यांची बेरीज. मग पालकांनी वर्गात फिरून आपापल्या मुलाची फाइल बघायची. उरलेला वेळ त्यांचे प्रश्न. वर्गणी, दाखले, रंगकाम असले विषय एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या, बैठकीसाठी ठेवा. त्या समितीत बहुसंख्य पालकच असतात, पण तिथं शाळेचा कारभार बोलला जातो, एकेका मुलाचं शिकणं नव्हे. दोन्ही एकत्र केलं की शिकण्याचं शेवटी राहून जातं.

सगळ्यांसमोर कुणाचेही मार्क वाचायचे नाहीत. हे मी स्वतः चूक करून शिकले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, एका बैठकीत मी यादी हातात घेऊन एकेकाचे मार्क मोठ्यानं सांगत गेले. एक वडील कारखान्यातली पाळी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांच्या मुलाचे मार्क सगळ्यात कमी. त्यांनी काही विचारलं नाही, खाली बघत बसले, चहा न घेता उठून गेले. पोरगा चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आला तेव्हा हातावर वळ होते. त्या वळांत माझा वाटा होता. तेव्हापासून मार्क फक्त त्या मुलाच्या पालकांना, बाजूला घेऊन, आणि ‘यावरून मारणार नाही’ हे कबूल करून घेऊनच सांगते.

ज्यांना बैठकीला येता येत नाही त्यांच्यासाठी दोन चांगल्या संधी आहेत. 15 ऑगस्टला झेंडावंदनाला गाव येतंच. त्या दिवशी व्हरांड्यात टेबलावर मुलांच्या वह्या मांडून ठेवा आणि मुलांनाच आपली वही दाखवायला सांगा. दुसरी संधी गणपती. खानापूर भागातले कितीतरी बाप गोव्यात कामाला असतात, ते गणपतीला घरी येतात. दर्शनाला गेलं की दहा मिनिटं बसा, पिशवीत जूनचं पान असू द्या. बापाला शाळेची माहिती कायम आईकडून ऐकायची सवय असते, ती पण बहुतेक पैशांच्या संदर्भात. तो पान हातात घेऊन बघतो, त्या क्षणाला मी फार जपते.

सातवी पायरी : मूल मागं असेल तेव्हा

हे बोलणं टाळू नका आणि मार्चपर्यंत लांबवू नका. ऑगस्टमध्ये अडलेलं दिसलं तर ऑगस्टमध्येच बोला.

बोलताना क्रम ठेवा. आधी मूल काय करतं ते, मग कुठं अडतं ते, मग मी वर्गात काय करतेय, आणि शेवटी घरात काय करायचं. साधारण असं. ‘ताई, गोष्ट सांगितली की तो सगळी लक्षात ठेवतो. वाचताना मात्र जोडाक्षर आलं की थांबतो. मी रोज प्रार्थनेआधी त्याला पाच शब्द घेतेय. तुम्ही रात्री जेवणानंतर दहा मिनिटं त्याला तुमच्याजवळ मोठ्यानं वाचायला बसवा. तुम्हाला वाचता आलं नाही तरी चालेल, तो बोट ठेवून वाचतोय का तेवढं बघा. पुढच्या महिन्यात याच वाराला पुन्हा बघू.’

यात ‘पण’ नाही हे बघा. ‘तुमचं मूल चांगलं आहे, पण…’ म्हटलं की पालक पुढचंच ऐकतात. ‘घरात लक्ष द्या’ हे वाक्य तर पूर्ण बंद करा. लक्ष द्या म्हणजे काय करा, किती वेळ, केव्हा, ते सांगा. दिवसभर भांगलण करून आलेल्या बाईला दोन तासांचा अभ्यास सांगू नका, तो होत नाही आणि तिला उगाच अपराधी वाटतं. दहा मिनिटंच सांगा. आणि ठरवलेल्या दिवशी आपण विसरलो तर पुन्हा आपल्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून तारीख त्याच्या पानावर लिहून ठेवा.

कधी कधी कारण शिकण्यातलं नसतंच. मूल फळा बघताना डोळे बारीक करतं, हाक मारल्यावर एकाच बाजूनं वळतं. अशा वेळी निदान आपण करायचं नाही. ‘मला असं दिसलं, एकदा सरकारी दवाखान्यात दाखवू या,’ एवढंच, आणि शक्य असेल तर सोबत जायचं. पहिल्या बाकावर बसवलं, चष्मा आला आणि दोन महिन्यांत वाचायला लागली, अशी एक पोर माझ्याकडंही होती.

आणि विचारायचंही. ‘घरात त्याला काय आवडतं? कशाला घाबरतो?’ वर्गात तोंड न उघडणारा मुलगा घरी बकऱ्यांची मोजणी चुकत नाही, हे मला त्याच्या आज्जीनं सांगितलं. पुढची सगळी बेरीज-वजाबाकी आम्ही बकऱ्यांवरच केली.

फोन

व्हॉट्सॲप ग्रुप सोयीचा आहे, पण त्यावर तीन गोष्टी नकोत. कुणाचे मार्क, कुणाची तक्रार, आणि रडणाऱ्या किंवा शिक्षा झालेल्या मुलाचा फोटो. लांबलचक लिहिण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवा, आपल्या बोलीत. ‘या आठवड्यात आम्ही वजन-माप शिकूलालोय. घरात दुकानाचं सामान आणलं की पोराला पुड्यावरचं वजन वाचायला सांगा.’ वाचता न येणारी आजीही ते ऐकते, गोव्यातला बापही ऐकतो. खानापूरच्या जंगलाकडच्या गावांत रेंज नसते. तिथं दाराबाहेर एक फळा टांगा आणि दर सोमवारी त्यावर मोठ्या अक्षरांत एकच ओळ लिहा, शक्यतो मराठी आणि कन्नड दोन्हीत. पोराला सोडायला येणारं माणूस वाचतं, ज्याला येत नाही तो शेजारच्याला विचारतो.

प्रगती पत्रक देताना

वर्षात चार एफए (आकारिक मूल्यमापन) आणि दोन एसए (संकलित मूल्यमापन) होतात, प्रत्येकाची श्रेणी पत्रकावर चढते, आणि ‘समुदायदत्त शाले’च्या दिवशी पालकांना बोलावून मुलांची प्रगती सांगायची असते. हा दिवस कागदोपत्री उरकू नका. पत्रक हातात देताना श्रेणी काय आहे ते मराठीत समजावा. ‘सी’ म्हणजे नापास नव्हे, त्याला त्या भागात आणखी मदत लागणार आहे, हे तोंडानं सांगितलं नाही तर घरात त्याचा अर्थ नापासच होतो. शेऱ्याच्या रकान्यात ‘उत्तम’, ‘साधारण’, ‘प्रयत्न करावा’ हे तिन्ही शब्द कामाचे नाहीत. त्याऐवजी ‘तीन अंकी वजाबाकी करतो, हातच्यात अडतो’ एवढं लिहा. चाळीस पत्रकांना दोन संध्याकाळी लागतात. त्या द्याव्यात.

सहीचं सांगते. अंगठा उठवणाऱ्या आईला सगळ्यांसमोर शाईची डबी पुढं करू नका, बाजूला बसवा. काही पोरं आईला सही शिकवतात. एका वर्षी दुसरीतल्या मुलीनं सुट्टीत शिकवलं आणि जूनमध्ये आईनं माझ्या वहीवर स्वतःचं नाव लिहिलं, अक्षरं मोठी, रेघेच्या बाहेर गेलेली. ते पान मी लेकीच्या फाइलला लावलं.

एप्रिलमध्ये वर्ग सोडताना ती दोनशे पानी वही पुढच्या शिक्षकांकडं द्या. कुठल्या घरी कन्नडमध्ये लिहायचं, कुणाच्या बापाशी गणपतीला बोलायचं, हे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून का शोधावं? तीन पानांची फाइल मात्र मुलाच्या हातात घरी पाठवा. आमच्या गावात मी दोन-तीन घरांत ती पानं देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीला खिळ्यावर अडकवलेली बघितली आहेत, जूनचं सगळ्यात खाली आणि फेब्रुवारीचं वर.